प्रदर्शन आणि आर्टबुक एकत्र कसं उभं करायचं: स्वतंत्र क्युरेटरसाठी

प्रदर्शन उतरवण्याचा दिवस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. सकाळी चित्रं खाली येतात, दुपारी खिळ्यांच्या भोकांत पुट्टी भरतात, संध्याकाळी भिंतीवर पांढऱ्या रंगाचा हात फिरतो आणि दीड वर्ष खपून जे उभं केलं त्याची एक खूणही तिथे उरत नाही. म्युझियमकडे अर्काइव्ह असतं, फाइली सांभाळणारी माणसं असतात. स्वतंत्र क्युरेटरकडे, म्हणजे कुठल्या संस्थेत नोकरी न करता प्रदर्शनं घडवणाऱ्या माणसाकडे, काय असतं तर एक हार्ड डिस्क, हजारभर ईमेल आणि पुस्तक काढलं असेल तर ते पुस्तक. म्हणून प्रदर्शन संपल्यावर पैसे उरले तर पुस्तक बघू, हा विचार मी कधीच सोडून दिला. दोन्ही कामं पहिल्या दिवसापासून एकत्र चालवायची, एकाच टेबलावर, आणि ते कसं करायचं हेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी ठरवा, भिंतीवर काय आणि पानावर काय

विषय सुचला की आपण लगेच कलाकारांच्या नावांची यादी करायला बसतो. त्याआधी एका वाक्यात प्रश्न लिहा, प्रश्नचिन्हासकट. विषय "नदी" असेल तर तो प्रश्न झाला नाही, "नदी आटल्यावर तिच्या काठच्या माणसांकडे तिची कोणती चित्रं उरतात?" हा प्रश्न झाला. मग जे काम त्या प्रश्नाला काहीतरी उत्तर देतं ते यादीत येतं आणि जे नुसतं नदीचं चित्र आहे ते कितीही सुंदर असलं तरी बाहेर राहतं.

यादी झाली की प्रत्येक कामासमोर लिहायचं: भिंत, पुस्तक की दोन्ही. माझी कसोटी साधी आहे. ज्या कामाला आकार लागतो, ज्याच्यासमोर माणसाला उभं राहावं लागतं, मागे-पुढे व्हावं लागतं, ते भिंतीवर किंवा जमिनीवर. ज्याला क्रम लागतो, जे एकामागून एक बघायचंय आणि परत मागे जायचंय, ते पुस्तकात. समजा एका कलाकाराची ८४ छोटी रेखाटनं आहेत. भिंतीवर ८४ लावली तर विसाव्यापर्यंत बघणाऱ्याचे पाय दुखतात, पुढची नुसती सरकत जातात. त्यातली १८ लावा आणि ८४ च्या ८४ पुस्तकात, कलाकाराच्या मूळ क्रमानं द्या. उलट तीन मीटर रुंद कॅनव्हास पुस्तकात तळहाताएवढा होतो, तिथे अख्खं चित्र एकदा छोटं देऊन त्याचा एक तुकडा मूळ आकारात छापलेला बरा, म्हणजे ब्रशचा फटकारा केवढा आहे ते तरी कळतं.

पुस्तक हेच प्रदर्शन असूही शकतं, ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकन क्युरेटर सेथ सीगेलॉबनं १९६८ मध्ये सात कलाकारांना प्रत्येकी २५ पानं दिली आणि ते पुस्तक म्हणजेच शो असं म्हटलं. 'झेरॉक्स बुक' म्हणून ते ओळखलं जातं. मूळ बेत खरंच झेरॉक्स काढायचा होता पण तो फार महाग पडायला लागला म्हणून शेवटी ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून छापायच्या नेहमीच्या पद्धतीनं, छापलं. अमेरिकन समीक्षक आणि क्युरेटर ल्युसी लिपार्डच्या १९६९ च्या सिएटलच्या प्रदर्शनाचा कॅटलॉग म्हणजे सुटी कार्डं होती, कुणीही कुठल्याही क्रमानं लावून वाचा. आणि त्याच वर्षी स्विस क्युरेटर हाराल्ड झेमननं बर्नच्या कुन्स्टहाले या कलासंस्थेत 'व्हेन अ‍ॅटिट्यूड्स बिकम फॉर्म' हे गाजलेलं प्रदर्शन केलं, मग संचालकपद सोडलं आणि स्वतंत्र काम सुरू केलं, त्या प्रदर्शनाचा कॅटलॉग ऑफिसच्या फाइलसारखा होता, कडेला अक्षरांच्या खाचा असलेला. या तिघांची उदाहरणं देण्याचं कारण एवढंच की पुस्तकाचा आकार आपल्या प्रश्नातून यायला हवा, आधी "२०० पानी हार्डबाउंड" असं ठरवून मग त्यात कामं कोंबायची नाहीत.

कॅलेंडर उलटं मांडा

उद्घाटनाची तारीख कागदाच्या तळाशी लिहा आणि तिथून वर जा. पुस्तकं हातात यायला हवीत उद्घाटनाच्या दोन आठवडे आधी. छपाई आणि बाइंडिंगला चार आठवडे धरा, शिलाईचं बाइंडिंग आणि कापडी पुठ्ठा असेल तर सहा. त्याआधी प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) आणि दुरुस्त्यांना तीन आठवडे, त्याआधी डिझाइनला निदान आठ ते दहा, आणि डिझाइनर बसायच्या आधी सगळे लेख संपादित झालेले आणि सगळे फोटो काढलेले हवेत. म्हणजे लेखकांना विचारायचं ते उद्घाटनाच्या आठ-नऊ महिने आधी. लेखकाला जी तारीख सांगाल ती आपल्या खऱ्या तारखेच्या तीन आठवडे अलीकडची सांगा.

इथे एक जुनी अडचण येते जी प्रत्येकाला छळते. पुस्तक उद्घाटनाला हवं, पण प्रदर्शन मांडून झाल्याचे फोटो उद्घाटनाच्या आदल्या दिवसापर्यंत अस्तित्वातच नसतात. मग सगळ्यात चांगला पुरावा पुस्तकात येत नाही. यावर मार्ग तीन. एक, पुस्तक त्या फोटोंशिवाय काढायचं आणि त्याला प्रदर्शनाचा आरसा न करता स्वतंत्र काम म्हणून घडवायचं. दोन, पुस्तक शेवटच्या आठवड्यात काढायचं, यात फोटो मिळतात पण उद्घाटनाला आलेली गर्दी पुस्तक न घेता जाते. तीन, जो मला सगळ्यात आवडतो: मागच्या कव्हरच्या आत एक कागदी खिसा ठेवायचा आणि प्रदर्शन लागल्यावर पहिल्या आठवड्यात १६ पानांची पिन मारलेली छोटी पुस्तिका छापून त्यात सरकवायची. आधी विकल्या गेलेल्या प्रतींसाठी नाव-पत्ते लिहून घ्या आणि पुस्तिका पोस्टानं पाठवा. कष्ट आहेत, पण लोक ती जपून ठेवतात.

परवानग्या, आणि इथे घाई करू नका

एका चित्राच्या एका फोटोत दोन वेगवेगळे हक्क असतात: चित्र काढणाऱ्याचा, आणि ते चित्र ज्यानं फोटोत पकडलं त्या फोटोग्राफरचा. चित्र ज्याच्या मालकीचं आहे तो तिसराच माणूस असतो आणि नुसतं विकत घेतलं म्हणून छापायचा हक्क त्याच्याकडे बहुतेक वेळा नसतो. हे मी अंगावर घेऊन शिकलेय. एका प्रोजेक्टमध्ये कलाकाराची लेखी परवानगी माझ्याकडे होती, संग्राहकाचीही होती, फाइल प्रेसला गेली आणि छपाईच्या प्लेटा निघायच्या दिवशी फोटोग्राफरचा मेल आला की मी हे फोटो प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी दिले होते, पुस्तकासाठी नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. तो अख्खा फॉर्म, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा, थांबला, सहा चित्रं पुन्हा शूट करावी लागली आणि उद्घाटनाला टेबलावर नुसती डमी, म्हणजे पुस्तकाची नमुना प्रत, ठेवावी लागली. चूक पूर्ण माझी.

तेव्हापासून परवानगीच्या पत्रात मी हे सगळं आधीच लिहिते: किती प्रती, कुठल्या भाषा, पुनर्मुद्रण चालेल का, ईबुक चालेल का, प्रसिद्धीसाठी आणि सोशल मीडियावर वापरता येईल का, चित्र कापून किंवा त्यावर अक्षरं टाकून वापरायचं असेल तर आधी विचारायचं का, क्रेडिटमध्ये नाव नेमकं कसं लिहायचं, आणि मोबदला म्हणून काय, पैसे की प्रती. कलाकाराला १० प्रती, लेखकाला ५ अशी काहीतरी पद्धत ठेवा आणि त्या प्रती छपाईच्या आकड्यात सुरुवातीलाच धरा. ५०० छापल्या आणि ९० अशा वाटण्यात गेल्या की विकायला उरतात ४१०, हिशोब या आकड्यावर करायचा.

पैशाबद्दल एवढंच सांगते. बजेटमध्ये स्वतःची फी पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या ओळीत लिहिली की ती कापली जाते. आणि पुस्तक दुकानातून विकणार असाल तर दुकान आणि वितरक मिळून छापील किमतीचा साधारण अर्धा भाग घेतात हे धरूनच किंमत ठरवा. प्रती कमी छापायला घाबरू नका. अमेरिकन कलाकार एड रूशेच्या १९६३ च्या पहिल्या पुस्तकाची, 'ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स'ची, पहिली आवृत्ती ४०० प्रतींची होती, आणि आज आर्टबुक म्हणलं की लोक तिथूनच गोष्ट सुरू करतात.

एकच शीट, सगळ्यांसाठी

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळं त्याच्यावर उभं आहे. एक स्प्रेडशीट करा, प्रत्येक कामाला एक क्रमांक द्या आणि तो क्रमांक शेवटपर्यंत बदलू नका. रकाने: कलाकार, शीर्षक मूळ भाषेत, शीर्षक भाषांतरात, वर्ष, माध्यम, मापं, मालकी, फोटो कुणाचा, परवानगी आली का, विम्याची किंमत, भिंतीवर की पुस्तकात. मापं लिहिताना आधी उंची, मग रुंदी, मग खोली, सेंटीमीटरमध्ये, आणि फ्रेमसकट की फ्रेमशिवाय ते वेगळं. भिंतीवरचं लेबल, पुस्तकातली कॅप्शन, विम्याची यादी, ट्रकवाल्याची यादी, सगळं याच शीटमधून निघायला हवं. लेबलवर १९८७ आणि पुस्तकात १९७८ हे असं होतं कारण कुणीतरी मध्येच दुसऱ्या फाइलमध्ये हातानं टाइप केलेलं असतं. मी प्रत्येक कलाकाराला त्याच्या कामांपुरत्या ओळींचा प्रिंट पाठवते आणि "बरोबर आहे" असं लेखी उत्तर आल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही.

जागेचं मॉडेल

जागेचा नकाशा कुणी दिला तरी स्वतः टेप घेऊन मोजा, नकाशात न दिसणारे स्विचबोर्ड, अग्निशमनाचं लाल सिलिंडर आणि एसीचं व्हेंट नेमकं मुख्य चित्राच्या जागी असतात. मग फोमबोर्डचं १:२० मॉडेल करा, म्हणजे एक मीटर म्हणजे पाच सेंटीमीटर. प्रत्येक चित्राचा त्याच प्रमाणात छोटा प्रिंट काढून मागे काढता येणारा गम लावा आणि सरकवत बसा. कॉम्प्युटरवर थ्रीडी करता येतं, पण डोळा खाली नेऊन दारातून आत बघितल्यावर जे कळतं ते मला तरी स्क्रीनवर कळत नाही. दारातून पहिलं काय दिसतं, वळल्यावर काय दिसतं, कुठली दोन कामं एकाच नजरेत येतात, या तीन गोष्टींवर अख्खी मांडणी ठरते.

टांगण्याची उंची: चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटीमीटरवर, मी १५० धरते. लहान मुलं किंवा व्हीलचेअरवरचे प्रेक्षक जास्त येणार असतील तर खाली आणा. खिळा कुठे मारायचा याचा हिशोब असा: मध्यरेषेत चित्राची अर्धी उंची मिळवा आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली असते तेवढं वजा करा. चित्र ६० सेंटीमीटर उंच आहे आणि तार ८ सेंटीमीटर खाली आहे, तर १५० अधिक ३० वजा ८, म्हणजे १७२. हा आकडा प्रत्येक कामासाठी शीटमध्ये आधीच भरून ठेवा, मग मांडणीच्या रात्री शिडीवरच्या माणसाला नुसता आकडा ओरडून सांगायचा, वाद होत नाहीत.

उजेडाबद्दल गंभीर राहा. कागदावरची कामं, जलरंग, जुने फोटो, कापड यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, तैलचित्रांना २०० पर्यंत. लक्समीटर उसना मिळतो. उजेडाचं नुकसान साठत जातं, परत भरून येत नाही. ५० लक्स, रोज ८ तास, ४२ दिवस म्हणजे १६,८०० लक्स-तास झाले, तोच दिवा २०० वर ठेवला तर ६७,२०० होतात आणि जलरंगातला गुलाबी आयुष्यभरासाठी फिका पडायला सुरुवात होते. कुणीतरी विश्वासानं दिलेली वस्तू आहे. तसंच बाहेरून आलेले क्रेट, म्हणजे चित्रांचे लाकडी खोके, लगेच उघडू नका, २४ तास त्याच खोलीत बंद ठेवा म्हणजे आतली हवा बाहेरच्या हवेशी जुळते. उघडताना कंडिशन रिपोर्ट, म्हणजे काम कुठल्या स्थितीत आहे त्याची नोंद, फोटोसकट, दोन सह्या. विमा भिंतीवरून निघाल्यापासून परत त्याच भिंतीवर जाईपर्यंतचा हवा, ट्रकमधलाही.

भिंतीवरचा मजकूर १००-१५० शब्दांचा. निबंध पुस्तकात.

डमी, कागद, बाइंडिंग

आता पुस्तक. सगळ्या चित्रांचे छोटे प्रिंट काढून जमिनीवर पसरा आणि समोरासमोरची जोडपानं लावा. स्क्रीनवर एकेक पान बघून क्रम लावू नका, कारण वाचणाऱ्याला कायम दोन पानं एकत्र दिसतात आणि डावीकडचं चित्र उजवीकडच्याशी बोलत असतं किंवा भांडत असतं. कोरी पानं ठेवायला कंजूषी नको.

पानं १६ च्या पटीत ठेवा. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातला की १६ पानांचा एक फॉर्म होतो, ९६ पानांचं पुस्तक म्हणजे सहा फॉर्म. ९८ पानं केली तर दोन पानांसाठी वेगळा तुकडा चिकटवावा लागतो, खर्च वाढतो आणि ती पानं पुढे निखळतात. याचा फायदाही घेता येतो: चार फॉर्म रंगीत आणि कोटेड (गुळगुळीत लेप दिलेल्या) कागदावर, दोन फॉर्म लेखांचे काळ्या शाईत साध्या कागदावर. वाचणाऱ्याच्या बोटांना कळतं की आता चित्रांतून शब्दांत आलो.

प्रेसकडून त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची, त्याच बाइंडिंगची कोरी डमी मागा. न छापलेलं पुस्तक. ही मागायला लोक लाजतात, पण बहुतेक प्रेस करून देतात. ती दोन दिवस हातात खेळवा, पिशवीत टाका, झोपून वाचल्यासारखी धरा. वजन, लवचिकपणा, उघडल्यावर किती सपाट पडतं, सगळं तिथेच कळतं. पानं उलटताना ताठ, लाकडासारखी वाटली तर कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) आडवा गेलाय, तो स्पाइनला (पुस्तकाच्या पाठीला) समांतर हवा. तपासायचं तर कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा, ज्या घडीला कमी विरोध होतो तिच्या रेषेत ग्रेन.

गमचं परफेक्ट बाइंडिंग स्वस्त, पण मधल्या घडीत प्रत्येक पानाचे पाच-सहा मिलिमीटर गिळतं, दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला चेहरा मधे आला तर नाकच जातं. चित्रं दोन पानांवर पसरवायचीच असतील तर फॉर्म शिवून घ्या. स्पाइनची जाडी अंदाजानं लिहू नका: ९६ पानं म्हणजे ४८ कागद, कागद ०.१५ मिलिमीटर जाड असेल तर ७.२ मिलिमीटर, अधिक कव्हर. जाडी जीएसएमवरून (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ठरवू नका, त्याच जीएसएमचा एक कागद फुगीर आणि दुसरा दाबलेला असतो, प्रेसला मायक्रोमीटरनं मोजून सांगायला सांगा.

रंग

फोटो काढताना पहिल्या फ्रेममध्ये कलर चेकर कार्ड (ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचं) ठेवा, फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली, घ्या. छापायच्या आकारात ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) हवं, म्हणजे २४ बाय ३० सेंटीमीटर छापायचं असेल तर साधारण २८३५ बाय ३५४३ पिक्सेल. पान कापताना कडेला पांढरी रेघ येऊ नये म्हणून चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे चित्र कापायच्या रेषेबाहेर तेवढं वाढवलेलं. फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, करायच्या आधी प्रेसला त्या कागदाचं रंगांचं प्रोफाइल मागा, कोटेड आणि अनकोटेडचं वेगळं असतं. भडक निळा, फ्लुरोसंट, सोनेरी हे चार शाईंत येतच नाहीत. एखाद्या कलाकाराचा निळाच सगळं काही असेल तर पाचवी शाई घ्या किंवा त्याला आधीच प्रामाणिकपणे सांगा.

प्रूफ खऱ्या कागदावर काढा आणि शक्य असेल तर मूळ चित्राशेजारी धरून बघा. आणि छपाईच्या दिवशी प्रेसवर स्वतः उभं राहा. पहिल्या ताज्या शीटवर शाई ओली, चमकदार, काळा मखमलीसारखा, सगळं फार छान दिसतं आणि आपण खूश होऊन सही करून मोकळे होतो. अनकोटेड कागदावर तीच शाई वाळताना आत मुरते आणि दुसऱ्या दिवशी रंग एक पायरी मंद झालेला असतो. म्हणून मशीनवरच्या माणसाला विचारा, तो रोज तेच बघतो, तो म्हणतो "ताई, किरमिजी थोडा कमी करतो, वाळल्यावर बरोबर येईल", त्याचं ऐका. माझ्या एका पुस्तकातल्या मातीच्या चित्रांचा रंग केवळ अशाच एका माणसामुळे बरोबर आला. त्याचं नाव शेवटच्या पानावर आहे, डिझाइनरच्या नावाखाली, त्याच टाइपात.

छापून झाल्यावर

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आधीच घेऊन ठेवा, २००७ पासून तो १३ आकडी आहे आणि बारकोड त्यातूनच बनतो. तो नसेल तर दुकानं आणि लायब्ररी पुस्तक यादीत घेताना अडतात. पुष्कळ देशांत राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रती देणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण कायदा नसता तरी मी दिल्या असत्या. आर्टबुकची विक्री हळू होते हे गृहीत धरा. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून चालू असलेल्या प्रिंटेड मॅटरसारख्या, कलाकारांच्या पुस्तकांनाच वाहिलेल्या जागा आणि आर्टबुक फेअर इथे खरा वाचक भेटतो, तो पान उलटतो, वास घेतो, स्पाइन बघतो.

उतरवायच्या आदल्या दिवशी, लोक गेल्यावर, सगळे दिवे प्रदर्शनात होते तसेच ठेवून परत एकदा संपूर्ण फोटो काढा, दारातून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, मॉडेलमध्ये जसं बघितलं होतं तसं. मग शीट, परवानग्या, पत्रव्यवहार, प्रेसला गेलेली अंतिम फाइल आणि फॉन्ट दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. पुस्तकात सापडलेल्या चुका पेन्सिलनं एका प्रतीत मार्क करत जा आणि तिच्या कव्हरवर "दुरुस्ती प्रत" लिहा. आणि २० प्रती खोक्यात बंद करून खोक्यावर "विकायच्या नाहीत" असं लिहून ठेवा, पाच-सात वर्षांनी जेव्हा कुणी विद्यार्थी किंवा त्या कलाकाराची मुलगी विचारायला येते तेव्हा बाजारात एकही शिल्लक नसते.